पाऊण हजेरी

बिशान, सिंगापूर, ९ मार्च

दादा,

वर ‘तीर्थरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार’ लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, हा काहीतरी मागायला आलाय. तसा आलोच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तुला दोनदा लिहिलं, पण दोन्ही वेळा एकाच टिकेवर अडकलं. म्हणजे तू मला अजून बंद करून ठेवलंयस. टपाल बंद करायची सोय निघालेली नाही, म्हणून हे पत्र.

मी पुन्हा विद्यार्थी झालोय. हसू नकोस. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी दप्तर घेऊन जातो. हॉस्पिटलमधली यंत्रं असतात ना, सलाइन मोजून सोडणारे पंप, वर-खाली होणारे बेड, नाडीचे ठोके दाखवणारे मॉनिटर, ती दुरुस्त करण्याचा अभ्यासक्रम आहे. तू उभी हयात आयटीआयमध्ये पोरांना इलेक्ट्रिशियनचं काम शिकवलंस आणि मला घरातला साधा फ्यूज बदलता येत नव्हता. आई म्हणायची, प्रबोधच्या हातात पेन द्या, पक्कड देऊ नका. आता पक्कड घेतली आहे. बँकेने सध्या थोडी मोकळीक दिली आहे, म्हटलं काहीतरी वेगळं शिकावं.

फीचं विचारशील. इथे चाळिशी ओलांडलेल्या नागरिकाला नवं काम शिकायचं असलं की फीचा बहुतेक भाग सरकार भरतं. पर्मनंट रेसिडेंटला त्याहून कमी मिळतं आणि वर्क पासवर आलेल्याला काहीच नाही. हो, त्याच पासपोर्टमुळे मला मिळालं. तू म्हणणार म्हणून आधीच लिहून टाकतो. पासपोर्ट बदलल्याबद्दल मी माफी मागणार नाही. नीताचं आणि माझं सगळं आयुष्य इथे झालं, क्षितिज इथे वाढला, सैन्यातली सक्तीची दोन वर्षं इथे काढून आला. आई गेली तेव्हा जुना पासपोर्ट परत दिलेला होता आणि नव्यावर व्हिसा पडायचा होता, यात माझा गुन्हा नव्हता. मी पोहोचलो तेव्हा अस्थी घरी आल्या होत्या. तू दारात म्हणालास, ‘आईला भेटायला तुला परवाना लागला.’ सहा वर्षं झाली. तेवढंच बोललास, पुढे नाहीच.

असो. मागायचं ते हे. विजेचं प्राथमिक शिकवायला तू जे मराठी पुस्तक स्वतः तयार केलं होतंस, त्याची एक प्रत पाठवशील का? इंग्रजीत वाचतो तेव्हा सगळं समजल्यासारखं वाटतं आणि काहीच समजलेलं नसतं.

साधनावहिनीला नमस्कार.

प्रबोध


बिशान, ६ एप्रिल

दादा,

पुस्तक आलं नाही. पण वहिनीने नीताला एका ओळीचा निरोप पाठवला : ‘पत्र मिळालं. पुढचं पाठवा.’ हे तिने स्वतःच्या मनाने लिहिलं की कुणाच्या सांगण्यावरून, ते मी विचारत नाही.

मागच्या पत्रात ‘बँकेने मोकळीक दिली’ असं लिहिलं होतं. तू ते वाचून काय समजायचं ते समजला असशीलच. आमचा विभागच बंद झाला. तांजोंग पगारच्या ऑफिसात इतकी वर्षं मी नियम पाळले जातात की नाही ते पाहत होतो. आता ते काम दुसऱ्या देशात स्वस्तात होतं. नीताची नोकरी आहे, घर चालतं. पण सकाळी ती एमआरटीच्या गाडीला निघाली की मी शर्ट घालून बसायचो. कुठे जायचं नसताना. तिने आठवडाभर पाहिलं आणि म्हणाली, “एक तर शर्ट काढ, नाहीतर कुठेतरी जा.” मग मी इथे नाव घातलं.

वर्गात माझ्या बाकावर रोहाना म्हणून एक बाई आहे. मलय आहे, माझ्याच वयाची. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात होती, कारखाना उठून दुसरीकडे गेला. बोलकी, मोठ्याने हसणारी. पहिल्या दिवशी माझं सोल्डरिंग पाहून म्हणाली, “प्रबोध, हे काय, पक्षी शिटला?” सगळा वर्ग हसला, शिकवणारे वासूसरसुद्धा. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

आम्ही दोघं दुपारी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर, एकत्र जेवतो. मी तिला नियम समजावून सांगतो, कारण ते मला येतात. ती मला वायरचं सोलणं दाखवते. सध्या ती थोडी ओढाताणीत आहे. तिची आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात आहे. भाऊ मलेशियात असतो, तो येत नाही. आई नर्सचं ऐकत नाही, गोळ्या थुंकते, रोहानाच्या हातून मात्र खाते. त्यामुळे रोहानाला कधी सकाळचा तास चुकवावा लागतो, कधी अख्खा दिवस.

इथेच घोडं पेंड खातं. अनुदानाचा नियम असा, की पाऊण हजेरी भरली पाहिजे आणि शेवटची परीक्षा पास झाली पाहिजे. दोन्हींपैकी एक हुकलं तर सरकारने भरलेला भाग माणसाने स्वतः भरायचा. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. लोकांचा पैसा आहे, नाव घालून घरी बसणारेही असतात. मी अधिकारी असतो तर हाच नियम केला असता.

प्रबोध


बिशान, ११ मे

दादा,

आज तुझ्याशी बोलायला हवं होतं. पत्रात किती उतरेल माहीत नाही.

आमच्याकडे हजेरी फोनवर लागते. फळ्याशेजारी एक चौकोनी खूण दाखवतात, प्रत्येकाने आपापल्या फोनने ती टिपायची. मंगळवारी रोहाना वर्ग सुरू होण्याआधी धावत आली आणि तिचा फोन माझ्या हातात दिला. पासवर्डसुद्धा सांगितला.

“डॉक्टर दहा वाजता येणारेत. यू जस्ट स्कॅन फॉर मी, लाह. दुपारी येऊन फोन घेते.”

मी म्हणालो, “रोहाना, हे मला जमणार नाही.”

“एकदाच.”

“एकदा काय नि दहादा काय, खोटी हजेरी ती खोटीच. पकडलं तर तुझं नाव जाईल, माझं जाईल आणि प्रशिक्षण केंद्राचंही.”

तिने फोन परत घेतला. चेहरा उतरला होता, पण आवाज चढवला नाही. म्हणाली, “तुझी आई आजारी नाही ना. म्हणून.”

मी वर्गात जाऊन माझ्या फोनने माझी हजेरी लावली.

ती हॉस्पिटलला गेली. दुसऱ्या दिवसापासून ती पुढच्या बाकावर बसायला लागली.

शुक्रवारी केंद्राच्या मॅनेजरने मला बोलावलं. मिस्टर ओंग. वाईट माणूस नाही, सतत थकलेला असतो. म्हणाला, “तू तिचा मित्र आहेस. तिला सांग, आत्ताच नाव काढून घे. ठरलेल्या मुदतीत जो नाव काढतो तो मोजला जात नाही. नंतर गळाली तर आमच्या बॅचचा निकाल पडतो आणि निकाल पडला तर पुढच्या वर्षी या कोर्सला मंजुरी मिळेलच असं नाही. मग वासूचीही नोकरी गेली.”

“आणि तिला पुन्हा प्रवेश?”

“पुढच्या बॅचला. मंजुरी मिळाली तर.”

“तिची आई तोवर बरी होईल?”

त्याने चष्मा काढून डोळे चोळले. “प्रबोध, नियम मी केलेला नाही.”

दादा, हे वाक्य मी बँकेत किती लोकांना ऐकवलं असेल! आणि एकदाच ते मला ऐकवलं गेलं, व्हिसाच्या खिडकीवर. काचेपलीकडे एक तरुण मुलगी होती. माझी आई शेवटच्या घटका मोजतेय, म्हटलं. ती म्हणाली, “सर, नियम मी केलेला नाही.” पण ती तेवढं म्हणून थांबली नाही, एवढं तुला कधी सांगितलंच नाही मी. उठून आत गेली, वरिष्ठाला घेऊन आली, त्याने कुठेतरी फोन लावला. त्या दोघांमुळे मला तिसऱ्या दिवशी निघता आलं. नाहीतर आठवडा गेला असता. तरी उशीरच झाला. पण ती उठली होती.

मी मिस्टर ओंगला म्हणालो, “मी रोहानाला नाव काढ असं सांगणार नाही. मला दोन दिवस द्या.”

काय करणार, हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं.

प्रबोध


बिशान, १५ जून

दादा,

वहिनीचा पुन्हा निरोप आला : ‘पुढे काय झालं?’ या वेळी प्रश्नचिन्ह होतं. म्हणून हे लगेच लिहितो.

मी अनुदानाची नियमावली पहिल्या पानापासून वाचली. या कामात तरी माझा हात कुणी धरणार नाही. त्यात होतं की घरच्या गंभीर आजारपणामुळे कुणाचे तास बुडाले, तर केंद्राने बदली तास घ्यावेत आणि ते तास हजेरीत धरले जातील. मात्र आधी केंद्राने लेखी परवानगी मागायची. मी अनुदान देणाऱ्या खात्याच्या मदतक्रमांकावर फोन लावला. एक बाई बोलल्या. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “हो, असं करता येतं. पण कुणी मागतच नाही.”

सोमवारी मिस्टर ओंगकडे गेलो. त्यालाही ते कलम ठाऊक होतं. त्याची अडचण वेगळीच निघाली.

“बदली तास घ्यायचे तर शनिवारी. शनिवारी वासूला जादा पगार कुठून देऊ? आणि विजेच्या प्रयोगशाळेत एकट्या विद्यार्थ्याला बसवता येत नाही. सुरक्षिततेसाठी दोघं तरी हवेत.”

“दुसरा मी येतो,” मी म्हणालो.

“तुझी हजेरी तर भरलेली आहे.”

“हजेरी भरली आहे, पण हात कच्चाच आहे.”

वासूसर दारात उभे राहून ऐकत होते. ते केरळचे, सिंगापूरला येऊन पस्तीस वर्षं झाली. हिंदीत मला म्हणाले, “शनिवारी मी घरी असलो की बायको बाजाराच्या पिशव्या उचलायला लावते. त्यापेक्षा हे बरं.” मग इंग्रजीत मिस्टर ओंगला म्हणाले, “जादा पगार नको. पण दिवाळीला जोडून सुट्टी मागेन तेव्हा तोंड वाकडं करायचं नाही.”

मिस्टर ओंगने परवानगीचं पत्र पाठवलं. मंजुरी यायला इतका वेळ लागला की मी रोज सकाळी त्याच्या दारात उभा राहायचो. शेवटी तो म्हणाला, “तू बँकेत नक्की काय करायचास? वसुली?”

रोहानाला हे मी सांगितलं नव्हतं. मंजुरी आल्यावर मिस्टर ओंगनेच सांगितलं. त्या दुपारी ती हॉकर सेंटरमध्ये माझ्या टेबलापाशी आली, समोर बसली आणि थाळी पुढे ओढली.

“फोन घेतला असतास तर दोन मिनिटांचं काम होतं,” ती म्हणाली. “तू एक महिना लावलास.”

“हो.”

“आत्ता आईला फोनवर सांगितलं. ती विचारते, तो इंडियन कोण, ज्याच्यामुळे तू शनिवारी पण जाणार?”

“काय सांगितलंस?”

“सांगितलं, वेडा आहे एक.” मग म्हणाली, “त्या दिवशी मी तुझ्या आईबद्दल बोलले. तुझी आई आहे?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, खिडकी, अस्थी, तुझं दारातलं वाक्य. ती जेवायची थांबली होती. तिने तुझं नाव विचारलं. मी ‘सुबोध’ म्हणालो. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं आणि विचारलं, “तो रागावला होता की रडत होता?”

सहा वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता, दादा.

प्रबोध


बिशान, १० ऑगस्ट

दादा,

बातमी दोन प्रकारची आहे. आधी चांगली.

रोहाना पास झाली. तोंडी परीक्षेत तर परीक्षकाने तिला विचारलं, की पंप सारखा अलार्म देतोय, आधी काय पाहाल? ती म्हणाली, “आधी पेशंटकडे पाहीन. यंत्र नंतर.” त्याने मान डोलावली आणि पुढचा प्रश्नच विचारला नाही. आईच्या उशाशी इतके दिवस बसून ती तेच तर पाहत होती. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलच्या देखभाल विभागात तिला घेतलंय. आई घरी आली, वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि तिथून सगळ्यांना ओरडते.

आता दुसरी. मी नापास झालो.

लेखीत उत्तम गुण. प्रात्यक्षिकात समोर एक पंप ठेवला होता, चालू होत नव्हता. बॅटरीचा व्होल्टेज मोजून दोष सांगायचा होता, बस्स. तू पोरांना पहिल्या महिन्यात शिकवायचास ते. मी मीटर घेतला, टोकं बॅटरीला लावली. एक ठिणगी उडाली आणि मीटर मेला. परीक्षकाने माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. नंतर मला काही सुचलंच नाही. घाम पुसत उभा राहिलो. आपल्या घरात नापास होण्याचा मान पहिल्यांदा माझ्याकडे आला.

गंमत बघ. जी बाई बॅचचा निकाल पाडेल अशी भीती होती ती पास झाली आणि जो नियम वाचून दाखवत होता त्याने निकाल पाडला. मिस्टर ओंग एवढंच म्हणाला, “तुला मी नाव काढायला सांगायला हवं होतं.” पण हसत म्हणाला. फेरपरीक्षा एकदाच मिळते, पुढच्या महिन्यात. त्यातही गेलो तर अनुदान रद्द. नीता म्हणते, पैशाचं बघू, तू जेव आधी. क्षितिज म्हणाला, “बाबा, रिलॅक्स लाह, एव्हरीबडी फेल्स समथिंग.” त्याला काय सांगू, आमच्या वेळी नापास होणाऱ्याच्या घरी लोक भेटायला यायचे, मयतीला येतात तसे.

दोन दिवस मी पुन्हा शर्ट घालून बसलो होतो. हे नीताला माहीत नाही.

प्रबोध


बिशान, २१ सप्टेंबर

दादा,

आपलं आता जवळजवळ रोज बोलणं होतं, तरी हे पत्र लिहितोय. काही गोष्टी मला फोनवर बोलता येत नाहीत.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी फोन वाजला, तेव्हा स्क्रीनवर तुझं नाव पाहून मला वाटलं, वहिनीला काही झालं. मी घाबरत ‘हॅलो’ म्हणालो. तू ‘कसा आहेस’ नाही विचारलंस, सहा वर्षांचं काही नाही काढलंस. म्हणालास,

“लाल वायर कुठल्या भोकात होती?”

“काय?”

“मीटरची लाल वायर. तीन भोकं असतात. व्होल्टच्या भोकात होती की अँपिअरच्या?”

“आठवत नाही, दादा.”

“आठवत नाही म्हणजे? अँपिअरच्याच भोकात असणार, त्याशिवाय ठिणगी उडत नाही. आधीच्या पोराने करंट मोजला असेल आणि वायर तशीच ठेवली असेल. तू न बघता उचललास. मीटर हातात घेतला की आधी भोकं बघायची, मग बटण, मग टोकं लावायची. मी चाळीस-चाळीस पोरांकडून हे रोज म्हणून घ्यायचो. म्हण.”

मी म्हटलं. नीता स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत राहिली, कारण त्रेपन्न वर्षांचा माणूस फोनवर ‘भोकं, बटण, टोकं’ असं पाठ करत होता.

त्यानंतर रोज संध्याकाळी तू फोन उभा करून शिकवलंस. रागावलास तसा वर्गात वासूसरही रागावले नाहीत. रोहाना दोनदा घरी आली, तिने तुला कॅमेऱ्यात नमस्कार केला आणि तू तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागलास, तेव्हा मला कळलं की तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा सरळ आहे. तिने तुला विचारलं, “हा लहानपणी पण असाच?” तू म्हणालास, “वर्स.”

परवा फेरपरीक्षा झाली. पास झालो. तुला लगेच सांगितलं, तू ‘बरं’ म्हणालास आणि फोन बाजूला ठेवून नाक शिंकरलंस. मग म्हणालास,

“आईच्या वेळी आम्ही थांबायला हवं होतं रे. एक रात्र थांबता आलं असतं. गुरुजी घाई करत होते, नातेवाईक घाई करत होते. मला ठामपणे ‘नाही’ म्हणता आलं नाही. तू दारात आलास तेव्हा तुझ्याकडे बघवेना. म्हणून तसं बोललो.”

मी ‘जाऊ दे दादा’ म्हणालो आणि विषय बदलला. ते घाईत म्हणालो. म्हणून हे पत्र. जाऊ देण्यासारखं ते नव्हतं. तुम्ही थांबायला हवं होतं. मला तिचा चेहरा बघायचा होता. सहा वर्षं मी पासपोर्टवर भांडत राहिलो, कारण त्यावर भांडता येत होतं. यावर येत नव्हतं. एवढं मला एकदा लिहायचं होतं. लिहून झालं. आता मी तुझ्यावर रागावलेलो नाही. तू फोनवर रडत होतास का, ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

पुढच्या सोमवारपासून मी कामावर जातोय. रोहानाच्याच विभागात, तिच्या हाताखाली. तिने ते आधीच बजावून सांगितलंय. पगार बँकेच्या निम्माही नाही. पण सकाळी शर्ट घालून खरोखरच कुठेतरी जायचं आहे.

वहिनी म्हणत होती, तुम्ही दोघं डिसेंबरात यायचं म्हणताय. ये. तुझा व्हिसा मी करून देतो; नियम मला येतात. पुण्याचं विमान हल्ली फार उशिरा पोहोचतं असं ऐकतो. पोहोचू दे. मी विमानतळावर थांबेन.

तुझा,
प्रबोध